जाहिरातीत नऊ तास, हातात चार: नव्या लॅपटॉपच्या बॅटरीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. सेलूच्या एका पालकांनी नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलीसाठी तीन आठवड्यांपूर्वी १५.६ इंची विंडोज लॅपटॉप घेतला. जाहिरातीत नऊ तासांची बॅटरी लिहिली होती, पण प्रत्यक्षात १०० टक्क्यांवरून चार तासांत १० टक्क्यांवर येतो. दुकानदार म्हणतो, पहिल्या दिवशी सलग आठ तास चार्ज केला नाही म्हणून बॅटरी बसली. लॅपटॉप बदलून मागावा का, आणि दिवसभर चार्जिंगला लावून ठेवला तर चालतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी दुकानदाराचं म्हणणं बाजूला काढू. आठ तास सलग चार्ज करायचा नियम निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. शंभर टक्के झाले की आतलं सर्किट स्वतःहून चार्जिंग थांबवतं, त्यापुढे चार्जर लावून ठेवल्याने बॅटरीत काहीही जास्त भरत नाही. पहिलं चार्जिंग दोन तासांचं झालं की आठ तासांचं, त्याने बॅटरी बसत नाही. त्यामुळे मुलीने काही चूक केली असं घरात कुणी धरून चालू नका.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. बॅटरीत साठा किती आहे ही एक, आणि लॅपटॉप तो साठा किती वेगाने संपवतो ही दुसरी. साठा कमी असेल तर बॅटरी सदोष, कंपनीने बदलून द्यायला हवी. खर्च जास्त असेल तर बॅटरी बदलूनही तुम्हाला चारच तास मिळतील.

साठा मोजायची सोय विंडोजमध्येच आहे आणि तिला एक मिनिट लागतं. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबा, सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही आठ अक्षरं सलग लिहा, एक स्पेस सोडा, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर असलेली तिरकी रेघ द्या आणि रेघेला चिकटून ‘बॅटरी’ आणि ‘रिपोर्ट’ हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता लिहा. एंटर केलं की फाइल कुठे साठवली तो पत्ता त्याच खिडकीत दिसतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात वरच्या बाजूला ‘इन्स्टॉल्ड बॅटरीज’ असा भाग असतो. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातून निघताना ठरलेला साठा आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारा साठा. आकडे मिलीवॅट-अवरमध्ये असतात, हजाराने भागले की वॅट-अवर. समजा डिझाइन ४२,००० आणि फुल चार्ज ४१,१०० आहे, तर बॅटरी ९८ टक्के ठीक आहे. नव्या लॅपटॉपमध्ये ९५ च्या वर काहीही आलं तर चिंता नको, कधीकधी १०० च्या वरही येतं, ते मोजमापातलं थोडं पुढेमागे असतं. ९० ते ९५ आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा रिपोर्ट काढा. पहिल्याच महिन्यात ९० च्या खाली असेल तर मी थांबणार नाही, त्याच दिवशी तक्रार नोंदवायला सांगेन.

त्याखालची ‘सायकल काउंट’ची ओळही वाचा. एकूण शंभर टक्के खर्च झाला की एक सायकल. आज ५० टक्के वापरून पुन्हा भरला आणि उद्या ५० टक्के वापरला, की दोन दिवसांत एक सायकल झाली. तीन आठवडे रोज वापरलेल्या लॅपटॉपवर १० ते २० सायकल असणं योग्य आहे. विकत घेतल्या दिवशीच ४०-५० दिसत असतील तर तो दुकानात काचेवर मांडलेला किंवा कुणीतरी वापरून परत केलेला नग आहे. काही लॅपटॉपांत इथे शून्य किंवा नुसती रेघ येते, म्हणजे त्या बॅटरीचं सर्किट हा आकडा विंडोजला कळवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खोक्यावरच्या लेबलवर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तेही बघा. आपल्या भागात गोदामात दोन उन्हाळे काढलेला नग न वापरताही थोडा झिजलेला असतो.

आता खर्चाचा हिशेब. वॅट-अवरला वॅटने भागलं की तास निघतात, याहून अवघड गणित यात नाही. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी ४२ वॅट-अवर धरू, या किमतीच्या १५.६ इंची लॅपटॉपांत साधारण तेवढीच असते. नऊ तास चालवायचा तर सरासरी खर्च ४.७ वॅट हवा. तो कधी येतो? पडदा मंद, वाय-फाय बंद, आणि लॅपटॉपमध्येच साठवलेला एक व्हिडिओ फिरत ठेवला तर. कंपन्यांच्या बऱ्याच चाचण्या अशाच परिस्थितीत होतात, जाहिरातीखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. तुमच्याकडे १०० वरून १० म्हणजे ९० टक्के साठा, ३७.८ वॅट-अवर, चार तासांत संपला. म्हणजे सरासरी साडेनऊ वॅट. ब्राउझर, वाय-फाय, वर्ड आणि पडदा ७०-८० टक्के प्रकाशावर, एवढ्यात १५.६ इंची लॅपटॉप नऊ ते अकरा वॅट खातोच. रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर तुमचा नग निर्दोष आहे. जाहिरातीतला आकडा आणि रोजचा वापर यांत जवळजवळ निम्म्याचा फरक पडतो, आणि विकत घेताना कुणीही तो समजावून सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

हे साडेनऊ वॅट जातात कुठे? सगळ्यात मोठा वाटा पडद्याचा. पूर्ण प्रकाशावर १५.६ इंची पडदा चार-पाच वॅट घेतो, निम्म्यावर दोन-अडीच. नुसता प्रकाश १०० वरून ५० वर आणला की दोनेक वॅट वाचतात, आणि साडेनऊचे साडेसात झाले की तेवढ्याच साठ्यात चारऐवजी पाच तास मिळतात. ओसरीत किंवा अंगणात उजेडात बसून पडदा पूर्ण वाढवण्यापेक्षा आत, उजेडाकडे पाठ न करता बसणं बॅटरीच्या फायद्याचं. पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीवर असताना ६० हर्ट्झ ठेवा, आणखी थोडी बचत होते.

दुसरी गळती गावाकडच्या आणि होस्टेलच्या वापरात सर्रास असते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. मोबाइलचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला दिलं, म्हणजे यूएसबी टेदरिंग केलं, की मोबाइल त्याच केबलमधून लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्ज होत राहतो. जुन्या यूएसबी पोर्टमधून अडीच वॅट, नव्यामधून साडेचार, आणि टाइप-सी असेल तर त्याहून जास्त. ज्या लॅपटॉपचा सगळा खर्चच साडेनऊ वॅट आहे, त्याला हे फार महाग पडतं. बॅटरीवर असताना हॉटस्पॉट वाय-फायने घ्या आणि मोबाइल लॅपटॉपपासून हातभर अंतरावर ठेवा, लांबचा किंवा कमजोर सिग्नल पकडायलाही जास्त वीज लागते.

व्हिडिओ कॉलवरचा तास सगळ्यात महागडा. कॅमेरा, माइक, येणारं-जाणारं चित्र, सगळं एकाच वेळी चालतं, खर्च १५ वॅटच्या आसपास जातो. ऑनलाइन क्लास असेल तेव्हा चार तासांची अपेक्षाच ठेवू नका, अडीच-पावणेतीन धरा. शिक्षकांनी सांगितलं नसेल तेव्हा स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तर बरीच बचत होते.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे म्हणून ग्राफिक्स कार्डचं सविस्तर सांगतो. लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काम नसताना झोपलेलं असायला हवं. एखादा प्रोग्राम त्याला जागं ठेवत असेल तर काहीही न करता पाच ते दहा वॅट जास्तीचे जातात आणि चार तासांचे दोन होतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये दोन जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सच्या दोन चिप, दिसतात का ते पाहा. दुसरा सतत चालू दिसत असेल तर ‘प्रोसेसेस’मध्ये कोणता प्रोग्राम तो वापरतोय ते कळतं. वॉलपेपर हलवणारे प्रोग्राम, गेमचे लाँचर, कधीकधी स्वतः ब्राउझर, हे नेहमीचे दोषी. सेटिंगमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या प्रोग्रामला ‘पॉवर सेव्हिंग’ द्या. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘हायब्रिड’ किंवा ‘इको’ असा पर्याय असतो, बॅटरीवर तोच हवा. थ्रीडी कॅड, सिम्युलेशन असली कामं मात्र चार्जर लावूनच करावीत, ती ४० वॅटच्या वर सहज जातात आणि बॅटरी तासाभरात रिकामी होते.

पहिल्या आठवड्यातला अनुभव कधीच खरा धरू नका. नवा लॅपटॉप तेव्हा अपडेट उतरवत असतो, फाइलींची अनुक्रमणिका बनवत असतो, वनड्राइव्हवर फोटो चढवत असतो, आणि दुकानातून सोबत आलेला चाचणीपुरता अँटीव्हायरस सगळी डिस्क तपासत असतो. तो अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा पुरेसा आहे. मग एकदा चार्जर लावून, वाय-फाय चालू ठेवून, रात्रभर सोडून द्या म्हणजे ही कामं उरकतात. त्यानंतर सेटिंगमध्ये सिस्टीम, पॉवर अँड बॅटरी इथे जाऊन पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा. तिथेच खाली कोणत्या अ‍ॅपने किती बॅटरी खाल्ली याची यादी दिसते. ती आठवड्यातून एकदा पाहिली तरी पुरे.

सकाळी ८० टक्के असलेला लॅपटॉप बॅगेतून कॉलेजात नेला आणि बाहेर काढला तर ६५ टक्के आणि गरम, असं होत असेल तर दोष बॅटरीचा नाही. आजचे बहुतेक लॅपटॉप झाकण लावलं की पूर्ण झोपत नाहीत, मोबाइलसारखे अर्धवट जागे राहतात. बंद बॅगेत ही उष्णता कोंडते. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, मग ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ उघडा आणि बॅटरीच्या रकान्यात झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ निवडा. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर ते आधी विंडोजमध्ये चालू करून घ्यावं लागतं. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, पण बॅगेत एक टक्काही जाणार नाही.

इथपर्यंत आजच्या तासांचं झालं. तीन वर्षांनी हीच बॅटरी किती उरेल, हा प्रश्न मराठवाड्यात वेगळ्याच गोष्टीवर ठरतो: उष्णतेवर.

लिथियम बॅटरी दोन प्रकारे झिजते. एक वापराने: साधारण ३०० ते ५०० सायकलनंतर साठा ८० टक्क्यांच्या आसपास येतो, काही महाग बॅटऱ्या हजारापर्यंत जातात. दुसरी नुसत्या पडून राहण्याने. ही दुसरी झीज दोन गोष्टींनी भडकते, जास्त तापमान आणि पूर्ण भरलेली अवस्था. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज ४.२ ते ४.४ पर्यंत असतो, त्या दाबाखाली आतली रसायनं सावकाश खराब होत राहतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहूनही जास्त. चालू लॅपटॉपमधली बॅटरी खोलीपेक्षा आठ-दहा अंश अधिक तापते. म्हणजे पत्र्याखाली, चार्जर लावलेला, १०० टक्के भरलेला लॅपटॉप दुपारभर ठेवला तर बॅटरी ५० अंशांच्या पुढे आणि पूर्ण दाबाखाली असते. तिचं याहून वाईट काही करता येत नाही. बहुतेक कंपन्यांनी आपल्या लॅपटॉपसाठी कमाल ३५ अंश खोलीचं तापमान सांगितलेलं असतं, आणि आपल्याकडे ते मार्चपासूनच ओलांडलं जातं.

म्हणून ‘सतत चार्जिंगला लावून ठेवू का’ या प्रश्नाचं उत्तर: लावून ठेवा, पण ८० टक्क्यांवर अडवून. ही अडवणूक लॅपटॉपमध्येच असते. लेनोवोमध्ये व्हँटेज अ‍ॅपमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’, आसूसमध्ये मायआसूस अ‍ॅपमध्ये ‘बॅटरी केअर’, एसरमध्ये केअर सेंटर किंवा एसरसेन्स, एमएसआय सेंटरमध्ये ६०, ८० आणि १०० असे तीन पर्याय. डेलमध्ये पॉवर मॅनेजर किंवा मायडेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’ किंवा स्वतः आकडा ठरवायची ‘कस्टम’ सोय. एचपीच्या अनेक मॉडेलांत हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, असतं: लॅपटॉप सुरू करताना एफ-१० दाबत राहा आणि ‘बॅटरी केअर फंक्शन’ किंवा ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ शोधा. घरगुती स्वस्त मॉडेलांत कधीकधी काहीच हाताने बदलता येत नाही, तिथे ८० ला हाताने चार्जर काढणं एवढाच मार्ग. मर्यादा लागली की लॅपटॉप थेट चार्जरच्या विजेवर चालतो आणि बॅटरी ना भरत असते, ना रिकामी होत असते. हीच तिची सगळ्यात सुखाची अवस्था.

भारनियमनाचं काय, असं लगेच मनात येईल. ८० टक्क्यांत सव्वातीन ते चार तास मिळतात, रोजच्या लाईट जाण्याला ते पुरेसं आहे. देखभालीसाठी दिवसभर लाईट जाणार असा मेसेज आला, परीक्षा आहे किंवा प्रवास आहे, तर आदल्या रात्री मर्यादा काढून १०० करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८०. कधीतरी १०० केल्याने काही बिघडत नाही, महिनोन्‌महिने १०० वर बसवून ठेवल्याने बिघडतं.

मेमध्ये दुपारी एक अडचण हमखास येते. चार्जर लावलाय, पण ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसतं किंवा टक्का हलतच नाही. बॅटरीत तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो, ४५ अंशांच्या आसपास पोचलं की सर्किट चार्जिंग मंद करतं किंवा थांबवतं. हे संरक्षण आहे, बिघाड नाही. लोक इथे नवा चार्जर विकत घेतात आणि पैसे वाया जातात. लॅपटॉप बंद करून अर्धा-पाऊण तास थंड जागी ठेवा आणि मग लावून पाहा. आणि उन्हाळ्यात चार्जिंगची वेळच बदला: पहाटे पाच ते सकाळी आठ या वेळेत खोली सगळ्यात थंड असते. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवू नका, खालची हवेची जाळी बुजते. लाकडी पाट किंवा चौरंग उत्तम, मागच्या बाजूला दोन बोटं जाड पुस्तक दिलं की हवा आणखी मोकळी खेळते. घरात माळवदाची खोली असेल तर दुपारचा अभ्यास तिथेच होऊ द्या, पत्र्याखालच्या खोलीपेक्षा ती कितीतरी थंड राहते. कूलर चालतो, कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली उतरवतो, फक्त त्याचा झोत थेट लॅपटॉपवर नको. पाण्याचे बारीक थेंब येतात, पाच-सहा फूट तिरकं बसावं. गाडीची डिकी, उन्हात उभी केलेली बंद कार इथे लॅपटॉप दहा मिनिटंही विसरू नका, बंद कारमध्ये ६० अंशांच्या आसपास जातं.

काळ्या मातीची बारीक धूळ आणि वावटळी यांमुळे जाळ्या वर्षभरात तुंबतात, पंखा जास्त फिरतो आणि तरीही बॅटरी तापते. मार्चमध्ये लॅपटॉप पूर्ण बंद करून जाळीतून हवेचे छोटे झटके द्या. सलग मोठा झोत मारला की पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

उन्हाळी सुट्टीत लॅपटॉप दीड-दोन महिने वापरणार नसाल तर ५०-६० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा आणि घरातल्या थंड भिंतीच्या बाजूला ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट टाळा. शून्यावर आणून ठेवलेली बॅटरी पडून पडून इतकी खाली जाऊ शकते की सर्किट तिला पुन्हा चार्जच होऊ देत नाही.

विजेबद्दल. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून शेतीपंपांच्या वेळेत घरात १७०-१८० व्होल्ट आले तरी लॅपटॉपला काही होत नाही. धोका उलट दिशेने आहे. डीपीवरचा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की एका फेजवर ३०० च्या पुढे व्होल्टेज येऊ शकतो. बल्ब अचानक डोळे दिपतील इतके उजळले, पंखा जोरात पळाला, की पहिल्यांदा लॅपटॉपचा प्लग काढा. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका अडवतो, असा टिकून राहणारा जास्तीचा व्होल्टेज तो अडवू शकत नाही. लाईट गेली की प्लग काढून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घालायला जोडणी वापरली, किंवा घराला अर्थिंगच नसलं, की धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात. बॅटरीला त्याने इजा होत नाही, पण घराचं अर्थिंग तपासून घ्यायला वायरमनला बोलवा, ते माणसांसाठी गरजेचं आहे.

इन्व्हर्टरवर लॅपटॉप चार्ज करायला घाबरू नका. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-अवर असतात, तुमचा लॅपटॉप शून्यापासून पूर्ण भरायला साधारण ५० लागतात. छताचा जुना पंखा तासाभरात त्याहून जास्त घेतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर अधिक चांगलं.

टाइप-सी चार्जिंगच्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावून ‘स्लो चार्जर’ असा संदेश येतो, कारण अशा लॅपटॉपला सहसा पॉवर डिलिव्हरी पद्धतीचा २० व्होल्टचा पुरवठा लागतो आणि मोबाइलचे बरेच वेगवान चार्जर तो देतच नाहीत. ६५ वॅटचा पॉवर डिलिव्हरी चार्जर आणि ५ अँपिअरची केबल, दोन्ही हवं. ३ अँपिअरच्या केबलमधून ६० वॅटच्या पुढे जात नाही. बाहेरचा चार्जर घ्यायचाच असेल तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचा आर अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते बघूनच घ्या. डेल-एचपीच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधल्या बारीक पिनने ओळख पटते. नकली चार्जर लावला तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरतच नाही, आणि मग पुन्हा बॅटरीवरच आळ येतो.

टक्के अचानक ३० वरून ८ वर उडी मारत असतील तर मोजणारं सर्किट भरकटलेलं असतं. एकदा १०० करा, तासभर तसंच ठेवा, मग ५-६ टक्क्यांपर्यंत सलग वापरा, आणि न थांबता पुन्हा १०० पर्यंत भरा. दर महिन्याला हे करायची गरज नाही, उगाच एक सायकल खर्च होते.

बॅटरी फुगण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. टचपॅड वर उचललेला, दाबायला कडक झालेला, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका. नव्या लॅपटॉपमध्येही हे क्वचित होतं, आणि ते वॉरंटीचं काम आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही, सर्व्हिस सेंटरकडेच जमा करायची.

वॉरंटीबद्दल एक खाचखळगा आधीच माहीत असू द्या. लॅपटॉपवर दोन-तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीवर बहुधा एकच वर्ष असते. तक्रार करताना ‘लवकर उतरते’ एवढं सांगितलं तर वापरावर ढकलून देतात. सोबत तीन गोष्टी न्या: बॅटरी रिपोर्टची फाइल, बिल, आणि लॅपटॉपमधल्याच तपासणीचा निकाल. ही तपासणी लॅपटॉप सुरू करताना एचपीमध्ये एफ-२, डेलमध्ये एफ-१२, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांत एफ-१० दाबून मिळते. तिथे बॅटरी नापास झाली तर बिघाडाचा कोड दिसतो, त्याचा फोटो काढा. तक्रार फोनवर न करता ईमेलने किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर करा, म्हणजे तारीख लेखी राहते. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज रात्री रिपोर्ट काढा. ९५ च्या वर असेल तर लॅपटॉप बदलून मागू नका, प्रकाश निम्म्यावर, टेदरिंग बंद, ८० ची मर्यादा, एवढं करून ८० टक्क्यांतच चार तासांच्या आसपास मिळतात का ते आठवडाभर पाहा. ९० च्या खाली असेल तर उद्याच तक्रार नोंदवा. दोन्ही बाबतींत आजच्या तारखेची ही फाइल मुलीच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि वॉरंटीचं वर्ष संपायच्या महिनाभर आधी दुसरी काढून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.